मागं ती हायच की

फोटो म्हणजे खिडकी, आणि पुढचा माणूस बाजूला झाला की मागचं आपोआप दिसतं, असं समजणारी माणसं किती आहेत हे बघायचं असेल तर फोटो स्टुडिओ काढावा. आमचा आहे. नवी पेठेतून आत वळणाऱ्या एका बोळात, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. फोटो माझा नवरा काढतो, पुढचं सगळं मी करते. पासपोर्ट, लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्स. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडणुकीचा फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स ह्यांत काम सारखंच असतं. माणूस तोच, जोडलेले हात तेच, फक्त खालचा मजकूर बदलायचा.

पूर्वी कॉम्प्युटरवर एक डिझायनर बसायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना मला म्हणाला, "वहिनी, काही अवघड नाही. लेअर समजले की सगळं समजलं." एवढं बोलून तो रिक्षात बसला. लेअर म्हणजे काय, हे सांगायचं राहूनच गेलं.

चाळिशी ओलांडलेली बाई काही नवीन शिकायला बसली की घरातल्या प्रत्येकाला शिकवायची हौस येते आणि वेळ मात्र कुणालाच नसतो. मुलीने हैदराबादहून फोनवर सांगितलं, "आई, सोपं असतं गं ते, तू टेन्शन घेऊ नकोस." हा माझा पहिला धडा. दुसरा धडा इंटरनेटवरचा एक मुलगा हिंदीतून द्यायचा. तो इतका भरभर बोलायचा की त्याला मागून कुणी हाकलत असावं असं वाटे.

शेवटी मला लेअर समजले ते खालच्या साडीच्या दुकानात. मी पुतणीच्या साखरपुड्यासाठी साडी बघत होते आणि सेल्समन गादीवर साडीवर साडी टाकत होता. दिसते ती वरची. खालच्या कुठे गेलेल्या नसतात. "ती मघाची जांभळी दाखवा," म्हटलं की तो खालून जांभळी ओढतो आणि वर टाकतो. साडी झिरझिरीत असेल तर तिच्यातून खालचा रंग दिसतो. मी साडी न घेताच वर आले आणि कॉम्प्युटर उघडला. तिथे उजव्या बाजूला हीच चळत लावलेली असते. यादीत जो वर, तो चित्रात पुढे. प्रत्येकासमोर एक डोळा असतो. तो मिटला की ती साडी गादीवर असून नसल्यासारखी. कुलूप लावलं की जागची हलत नाही. झिरझिरीतपणा कमीजास्त करायची सोय वेगळी. आणि काम संपल्यावर सगळं सपाट केलं की चळत संपते, एकच कापड उरतं आणि त्यावर सगळं छापलेलं. छापील कापडावरचं फूल उचलून त्याच्याखालचं पान बघता येत नाही.

माझ्या नवऱ्याला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. एकदा तो एका नवरीच्या गालावरचे डाग घालवत दुपारभर बसला आणि डाग जाईनात. कॉम्प्युटर बिघडला, असा निर्णय त्याने दिला. जाऊन बघितलं तर तोच फोटो दोनदा ठेवलेला, एकावर एक. हा पुसत होता खालच्यावर आणि बघत होता वरच्याकडे. वरचा बाजूला केला तर खाली नवरी गुळगुळीत झालेली, जवळजवळ नाकासकट. "मग आधी सांगायचं ना," तो मला म्हणाला.

गिऱ्हाइकांना मी लेअर समजावून सांगत नाही. त्यांना एकच गोष्ट कळते, ती म्हणजे आकार. फ्लेक्सच्या वरच्या रांगेत गोल चकत्यांमध्ये देव आणि दिवंगत मंडळी फिकट करून ठेवायची. मधोमध उत्सवमूर्ती. खाली शुभेच्छुकांची रांग. मग प्रत्येक शुभेच्छुक स्क्रीनवर बोटं टेकवून शेजाऱ्याचं डोकं मोजतो. ह्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं का, ह्यावरून आमच्या दुकानात एका तरुण मंडळाचे दोन भाग झालेले मी पाहिले आहेत. कोण कुणाच्या पुढे आहे आणि कोण मागे, इकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. पुढेमागेपेक्षा लहानमोठं लवकर कळतं.

गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी वळसंगच्या पुढच्या एका गावातले गृहस्थ आमच्याकडे आले. गावाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, अशी गावं पुष्कळ आहेत. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, आणि बरोबर एक कार्यकर्ता. कार्यकर्त्याच्या हातात त्यांचा मोबाइल होता, कारण त्यांचे स्वतःचे हात बोलताना लागत.

"मॅडम, एक नंबर फ्लेक्स पायजे. गावाच्या येशीवर लावायचाय. लांबनं दिसला पायजे."

"उमेदवार कोण?"

"मीच की," ते म्हणाले. कार्यकर्ता खाकरला. "मंजी मंडळी. फारम मंडळींच्या नावानं हाय."

मग सगळी हकीकत कळली. मी विचारली नव्हती, पण ते सांगायला लागले की थांबत नसत. मागच्या खेपेला सरपंचपदाला ते स्वतः उभे होते आणि पडले होते. ह्या खेपेला जागा महिलांसाठी राखीव झाली, म्हणून बायकोला उभं केलं होतं. चिन्ह मिळालं होतं कपबशी. मजकूर त्यांनी तोंडपाठ आणला होता. त्यात बायकोचं नाव बारीक, त्याच नावात मधे येणारं त्यांचं स्वतःचं नाव ठळक, आणि कपबशी त्यांच्या हाताजवळ.

"फोटो?"

कार्यकर्त्याने मोबाइल पुढे केला. कुणाच्या तरी लग्नातला फोटो. मधोमध हे गृहस्थ, डोक्याला फेटा, छाती पुढे. त्यांच्या उजव्या खांद्यामागे एक बाई. म्हणजे बाईचा एक डोळा, अर्धं कुंकू आणि अर्धं नाक. बाकीची बाई फेट्याच्या शेमल्यामागे आणि खांद्यामागे गेलेली.

"ह्यात त्या अर्ध्याच आहेत," मी म्हटलं.

"मग मला जरा डावीकडं सरकवा. मागं ती हायच की."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. गाडीमागच्या माणसाबद्दल, हारामागच्या चेहऱ्याबद्दल, एकदा तर म्हशीमागच्या मालकाबद्दल. पण उमेदवाराबद्दल पहिल्यांदाच.

"तुमच्या मागे त्या नाहीत. तुमच्या मागे काहीच नाही."

"आसं कसं? मी सोता हुतो तितं. ती मागंच उभी हुती."

"उभ्या होत्या. फोटोत आल्या नाहीत. तुम्ही पुढे होता ना."

ते कार्यकर्त्याकडे बघायला लागले. कार्यकर्त्याने मोबाइल तिरका करून, एका बाजूने डोकावून बघितलं.

"मोठ्या स्टुडिओत करत्यात की," तो म्हणाला.

"करत असतील. कुणाची तरी बाई लावून देतील."

मग आधार कार्डावरचा फोटो निघाला. तो मोठा केल्यावर त्याला चेहरा म्हणण्यापेक्षा फरशी म्हणावं असे चौकोन झाले. मी सरळ मार्ग सांगितला, "त्यांनाच घेऊन या. फोटो काढू, लगेच काम होईल."

"तिला कशाला?" त्यांनी विचारलं. त्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "तिचं हितं काय काम हाय?"

कार्यकर्त्याला तोवर सुचलं होतं. "मॅडम, अर्धं तोंड हाय न्हवं? मग तेच उलटं करून जोडा की. मानसाच्या दोनी बाजू सारक्याच आसत्यात."

वाद घालण्यापेक्षा करून दाखवणं स्वस्त पडतं. अर्धा चेहरा कापला, त्याची प्रत काढली, उलटी केली, शेजारी लावली. एक बाई तयार झाली. तिचे डोळे एकमेकांच्या फार जवळ आले होते, कुंकू बदामाएवढं झालं होतं, आणि नाकात दोन्ही बाजूंना चमकी होती.

"झाली की," गृहस्थ म्हणाले. "एक नंबर."

कार्यकर्ता वाकून बघत होता. "अण्णा, चमकी दोनीकडं?"

"एक काढून टाकते," मी म्हटलं. "कुठली काढू? मोबाइलमधला फोटो कधी कधी उलटाही येतो. त्या कोणत्या बाजूला घालतात?"

अण्णांनी वर पंख्याकडे बघितलं. मग आपल्या नाकाला हात लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली असणार. शेवटी त्यांनी घरी फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला, कारण हात मोकळे हवेत.

"अगं, तुजी चमकी कुटं आसती?"

"नाकात," पलीकडून उत्तर आलं.

"ते म्हाईत हाय. कुठल्या बाजूला?"

"कशाला पायजे?"

"फ्लेक्स करायलोय."

"कुणाचा?"

"तुजाच की."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला. "माजा फ्लेक्स करायलाय आनि मला नाकाचं इचारताय? फोन दुकानात द्या."

मी फोन घेतला.

"ताई, दुकान कुटं हाय तुमचं?"

मी पत्ता सांगितला. चमकी कोणत्या बाजूला, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या आल्या. अक्कलकोटची बस पकडून, हातात कापडी पिशवी, पिशवीत इस्त्रीची दुसरी साडी. उंचीने नवऱ्यापेक्षा कमी, आवाजाने नाही. चमकी डावीकडे होती. आरशात बघून साडी बदलली, पिना माझ्याकडून घेतल्या आणि स्टुलावर बसल्या.

माझा नवरा फोटो काढताना प्रत्येकाला एकच सांगतो. "थोडं हसा," तो म्हणाला.

"किती?"

"मत मागताना हसतात तेवढं."

"आजून मी कुणाला काय मागितलंच न्हाय," त्या म्हणाल्या, आणि त्याच वेळी त्याने बटण दाबलं. तो फोटो चांगला आला.

फोटो कॉम्प्युटरवर घेईपर्यंत मी त्यांना चहा दिला. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली आणि कालचं काम उघडायला सांगितलं. ती दोन चमक्यांवाली बाई त्यांनी बराच वेळ बघितली.

"ही निवडून आली आसती तर शपथ घ्यायला कोण गेलं आसतं?" त्यांनी विचारलं. मग आवाज कमी केला. "ताई, हे मागच्या वेळी का पडले सांगू? वाईट मानूस न्हाय. पण दिसला की बोलतो, आनि बोलाय लागला की थांबत न्हाय. गावाला ह्यांच्या तोंडाचा कंटाळा आलाय. आमच्या बचत गटातल्या बाया म्हणत्यात, तुला मत देतो की, पण निवडून ते येणार आसले तर न्हाय."

"आणि पुरुष?"

"गडीमानसं मला वळखतच न्हाईत. पदर घेऊन जाती ती कुणाची तरी बायको, एवढंच. आता येशीवर ह्यांचंच तोंड हात जोडून उभं ऱ्हायलं, तर मी पडले म्हणून समजा. एकदा पडले की मग परत कोण उभं करतंय मला?"

"मग त्यांना फ्लेक्सवरून काढू या."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "काढलं तर मी घरात पडते."

अडचण नेमकी होती आणि मला नेमकी अडचण आवडते. मी त्यांना लेअर दाखवले. साडीच्या दुकानाचं उदाहरण देऊन, कारण त्या खालच्याच दुकानात दिवाळीला येऊन गेल्या होत्या. नवऱ्याचा लेअर वर नेला, त्या झाकल्या गेल्या. त्यांचा वर नेला, नवऱ्याचा खांदा झाकला. नवऱ्याचा डोळा मिटला, नवरा गेला. उघडला, आला. हा भाग त्यांनी मला दोनदा करायला लावला.

मग त्यांनी विचारलं, "मोठं-बारीक आनि मागं-फुडं, ह्याचा एकमेकाशी काय संबंध हाय का?"

"काही नाही. दोन्ही वेगवेगळं."

"मंजी लई मोठं आसून बी मागं ऱ्हाता येतं?"

"येतं."

"मग त्यांना मोठं करा," त्या म्हणाल्या. "लई मोठं करा. आनि मागं ठेवा."

मी फेटेवाल्या गृहस्थांना इतकं मोठं केलं की फ्लेक्सची वरची कड त्यांच्या फेट्याला लागली. मग त्यांना फिकट केलं, पहाटे धुक्यात टेकडी दिसते तेवढं. त्यांच्यापुढे, उजव्या खांद्यावर आणि अर्ध्या छातीवर, उमेदवार बाईंचा ताजा फोटो, ठळक, दोन्ही डोळे आणि एकच चमकी. कपबशी त्यांच्या हाताशी. त्यांचं नाव मोठं. नवऱ्याचं नाव त्याच नावात मधे, त्याच्या जागी, त्याच अक्षरांत.

उमेदवार बाईंनी उठून, खोलीच्या दारापर्यंत मागे जाऊन बघितलं. "ह्यांना मीच सांगितलं आसं म्हनू नका," एवढं सांगून त्या बसस्टँडकडे गेल्या.

पसंतीला अण्णा आले. बरोबर कार्यकर्ता. अण्णांनी पहिल्यांदा स्क्रीनवर वीत टेकवून स्वतःचं डोकं मोजलं, मग बायकोचं. चेहरा उजळला. मग कपाळाला आठी पडली.

"मॅडम, मी फिकट का?"

"मागे असलं की फिकट करतात. तशी पद्धत आहे."

"फिकट मंजी वारलेले आसत्यात," कार्यकर्ता म्हणाला. तो वरची रांग बघून शिकलेला होता. "गाव म्हनंल अण्णा गेले आनि वहिनी उभ्या ऱ्हायल्या."

"मी काय वारलोय?" अण्णांनी मला विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या डाव्या खांद्याजवळ एक नवा लेअर घेतला आणि त्यावर एकच शब्द टाइप केला: मार्गदर्शक.

अण्णांनी तो वाचला. मनातल्या मनात वाचला, मग मोठ्याने वाचला. बसल्या जागी त्यांची पाठ सरळ झाली. आमच्याकडे माणसाला पद नाही दिलं तरी चालतं, पण विशेषण द्यावं लागतं.

"देव बी फिकटच आसत्यात की," कार्यकर्त्याने बाजू बदलली.

"कपबशी तेवढी माज्याकडं घ्या," अण्णा म्हणाले.

"चिन्ह उमेदवाराजवळच ठेवायचं असतं."

"आसा नियम हाय?"

"आमच्या दुकानात आहे."

त्यांनी पसंती दिली आणि फाइल पेनड्राइव्हमध्ये मागितली. ती त्यांना कशाला हवी होती हे मला कळत होतं. फ्लेक्स छापायला मी पाठवणार होते. पेनड्राइव्ह घेऊन माणूस दुसऱ्या दुकानातच जातो. मी फाइल सपाट केली आणि दिली.

अपेक्षेप्रमाणे ते परत आले. स्टँडजवळच्या कुणाकडे तरी जाऊन त्यांनी स्वतःला पुढे घ्यायला सांगितलं होतं. त्या माणसाने उमेदवार बाईंना कापून बाजूला केलं, आणि त्यांच्या जागी पांढरं भोक पडलं. बाईंच्याच आकाराचं, पदरासकट. मोबाइलवर तो प्रकार मला दाखवण्यात आला.

"मॅडम, माजा उजवा हात कुटं गेला?"

"वहिनींच्या मागे होता."

"मग तिला सरकवल्यावर दिसायला नको? मागं मी हायच की."

"मागे तुम्ही नाही," मी म्हटलं. "त्या पुढे होत्या ना."

ह्या वेळी मोबाइल तिरका करून बघायची पाळी अण्णांची होती. कार्यकर्ता मात्र हुशार होत चालला होता. "मॅडम, तुमच्याकडच्या फाइलमदी आसंल की पूर्ण हात."

"आहे. पण त्याला कुलूप घातलंय."

"किल्ली?"

"उमेदवाराकडे."

त्या कुलपाला किल्ली नसते, बोट लावलं की ते उघडतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. अण्णांनी घरी फोन लावायला म्हणून मोबाइल हातात घेतला, नाव काढलं, बघितलं, आणि मोबाइल खिशात टाकला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लांबनं बरं दिसतंय."

फ्लेक्स लागला. मी काही बघायला गेले नाही. आपण केलेले फ्लेक्स बघत हिंडायचं ठरवलं तर दुकान कोण उघडणार? निकालानंतर दोघं पेढे घेऊन आली, तेव्हा कळलं की कपबशी निवडून आली.

सरपंच माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, अण्णा बाकावर. बरोबर आलेला कार्यकर्ता खाली चहा सांगायला गेला.

"बाया इचारायच्या," सरपंच म्हणाल्या, "तुज्या मागं धुक्यात कोन उभं हाय? मी म्हनायची, आमचे हे. तर म्हनायच्या, आसंच ऱ्हाऊ दे."

अण्णा ऐकत होते, पण बोलले नाहीत. मला आश्चर्य वाटलं. सरपंचांनीच खुलासा केला. प्रचारात अण्णा घरोघर फिरले, पण जवळजवळ मुक्याने फिरले. मार्गदर्शकाने फार बोलायचं नसतं, नुसतं मागे उभं राहायचं असतं, असं कार्यकर्त्याने त्यांना पटवलं होतं. गावाला तो बदल फार आवडला. काहींना वाटलं त्यांचा घसा बसलाय, आणि त्यांनी लवंगा पाठवल्या.

आता आभाराचा फ्लेक्स करायचा होता. त्यासाठी दोघांचा एकत्र फोटो हवा, असं ठरलं.

"ह्या वेळी फिकट करू नका त्यांना," सरपंच मला म्हणाल्या. "लई पायपीट केली बिचाऱ्यांनी."

माझ्या नवऱ्याने पडदा लावला, दिवे लावले. सरपंच पडद्यासमोर उभ्या राहिल्या. अण्णांनी फेटा नीट केला, गेले, आणि सवयीने बरोबर त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. छाती पुढे, हात जोडलेले. मागे सरपंचांचा एक डोळा, अर्धं कुंकू आणि अर्धं नाक.   इथे यादीत वर-खाली ओढून काही होणार नव्हतं. माणसं जिथे उभी राहतील तिथेच छापली जाणार होती.

माझ्या नवऱ्याने कॅमेऱ्यामागून मान वर काढली. त्याला राजकारण कळत नाही, चौकट कळते.

"अण्णा," तो म्हणाला, "सरपंच दिसेनात."

अण्णांनी मागे वळून बघितलं. बायको तिथेच होती. ते एक पाऊल डावीकडे सरकले.

"आजून थोडं," सरपंच म्हणाल्या.

ते आणखी सरकले, आणि न सांगता थोडे मागेही गेले. फोटो निघाला. कार्यकर्ता चहा घेऊन वर आला आणि स्क्रीन बघून म्हणाला, "अण्णा, तुमचा हात गेला की वहिनींच्या मागं."

"आसू दे," अण्णा म्हणाले. "मार्गदर्शक हाय मी."

मी मात्र दोघांना तसंच जाऊ दिलं नाही. आधी सरपंचांना एकटीला उभं केलं, मग अण्णांना एकट्याला, आणि दोघांचे वेगवेगळे फोटो काढून घेतले. पूर्ण, दोन्ही खांद्यांसकट. त्यांनी मागितले नव्हते. पण पुढच्या खेपेला ती जागा कुणासाठी सुटते हे आत्ता कोण सांगणार? खुली झाली तर अण्णा परत उभे राहणार, आणि तेव्हा पुढे कोण, मागे कोण, हे भांडण माझ्याच दुकानात यायचं. तोवर निदान माणसं तरी पूर्ण असावीत, म्हणून ते दोन्ही फोटो एका फाइलमध्ये वेगवेगळ्या लेअरवर ठेवलेत, आणि ती फाइल मी सपाट केलेली नाही.